बोळात गळणारी नळी

मित्रांनो, मी जुनी आहे हे तुम्हाला माझ्याकडे बघून कळेलच. मी मोटारसायकल आहे हे मात्र सांगावे लागेल, कारण माझ्या हँडलच्या डाव्या टोकाला थोरल्या सुनेची बाजाराची पिशवी लटकते, उजव्या टोकाला धाकट्या सुनेची, आणि आरशावर कुणाचा तरी टॉवेल वाळत असतो. त्या सगळ्याखाली मी आहे.

माझी गोष्ट मला नीट सांगता येईल याची खात्री नाही. मनातल्या मनात मी ती अनेकदा सांगून पाहिली आहे आणि दर वेळी सुरुवात चुकली असे वाटले आहे. शिवाय ही भांडणाची गोष्ट. मुलांना भांडणाची गोष्ट सांगावी का? पण घरातली मोठी माणसे भांडतात तेव्हा मुले दाराआड उभी असतातच. तेव्हा तुम्हाला यात फार नवे काही वाटणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यातले फारसे आठवत नाही. रंग वाळवायच्या भट्टीतली ऊब आठवते, आणि टाकीत पहिल्यांदा पेट्रोल पडले तेव्हाचा गारवा आठवतो. टाकीच्या पोटाखाली एक छोटा कॉक आहे. पाण्याच्या नळाला तोटी असते ना, तसाच. आडवा केला की पेट्रोल बंद, उभा केला की सुरू. या कॉकपासून इंजिनापर्यंत एक काळी रबरी नळी जाते, वीतभर लांब, करंगळीएवढी जाड. माझ्या चाकांचे, दिव्याचे, हॉर्नचे कौतुक पुष्कळांनी केले. या नळीचे कुणी केल्याचे मी ऐकले नाही. माझी सगळी गोष्ट मात्र तिचीच आहे.

मला घरी आणले ते या घरातल्या वडिलांनी. त्यांची नोकरी वाचनालयात होती. वाचकांच्या घरी पुस्तके पोचवायची आणि वाचून झालेली परत आणायची. त्यासाठी त्यांनी माझ्या पाठीवर एक लाकडी पेटी बसवली होती. मी वाचायला शिकले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण खड्ड्यातून जाताना पुस्तके एकमेकांवर आदळत, तेव्हा त्यांतले थोडेसे सांडत असावे. ते माझ्यात मुरले.

वडील मला दारात लावत तेव्हा आधी कॉक बंद करत, मग नळीवरून बोट फिरवून ते हुंगत, आणि मगच चपला काढत. शेजारी म्हणत, "तुमच्या गाडीला दुसरी किक मारावी लागत नाही, काय खाऊ घालता हो?" वडील नुसते हसत. त्यांना स्वतःचे कौतुक झेलता येत नसे आणि माझेही झेलता येत नसे.

मग ते अंथरुणाला खिळले. खूप दिवस खिळले होते. थोरला मुलगा रोज त्यांचे सगळे करायचा. धाकटा तेव्हा कामासाठी दुसऱ्या गावी होता. वडील गेले तेव्हा धाकटा पोचला नाही. आणि तो पोचला तेव्हा वडिलांची पुस्तके घरात नव्हती. थोरल्याने ती रद्दीवाल्याला दिली होती.

"वाळवी लागली होती," थोरला म्हणाला.

"सगळ्यांना?"

"तू इथं असतास तर एकेक उघडून बघितलं असतंस. मला बापाचं अंथरूण बदलायचं होतं."

"अंथरूण बदललंस म्हणून बापाची निशाणी विकायचा हक्क मिळतो का तुला?"

दोघांच्या बोलण्यात तथ्य होते, असे मला आजही वाटते. कदाचित म्हणूनच ते भांडण संपले नाही. नातेवाइकांच्या देखत धाकटा थोरल्याला "रद्दीवाला" म्हणाला आणि थोरल्याने त्याला "पाहुणा" म्हटले. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी थेट बोलणे सोडले.

घराची वाटणी झाली. मधे बोळ आहे. बोळाच्या एका अंगाला थोरल्याच्या दोन खोल्या, दुसऱ्या अंगाला धाकट्याच्या. बोळ कुणाचाच नाही म्हणून मी बोळात. माझ्या बाबतीत आईने निकाल दिला: थोरला पहाटे पाण्याच्या पंपावर कामाला जातो, तो दुपारी परत येईपर्यंत गाडी त्याची; धाकटा दुपारनंतर छापखान्यात जातो, तेव्हापासून गाडी त्याची. किल्ली खिळ्याला. हातातून हातात द्यायची वेळच यायला नको.

काही दिवस हे बरे चालले. मग एकदा धाकट्याला घेऊन जाताना पुलाच्या चढावर मी बंद पडले. टाकीत थेंब नव्हता. त्याने मला ढकलत घरी आणले, बोळात लावले, आणि घाम पुसत भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "काही लोकांना गाडी बापाची लागते आणि पेट्रोल भावाचं लागतं."

आतून थोरला ओरडला, "आई, त्या भिंतीशी बोलणाऱ्याला सांग, कालचं पेट्रोल मी भरलं होतं!"

"आई, त्या आतल्या खोलीला सांग, परवाचं मी भरलं होतं!"

"मला कशाला सांगता?" आई म्हणाली. "भिंत मधे आहेच की. तिला कान आहेत, मला आता कमी ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरला कामावरून आला, त्याने एक डबा माझ्याखाली ठेवला, इंजिनाच्या बाजूने नळी हिसकून काढली, आणि उरलेले सगळे पेट्रोल डब्यात उतरवून घेतले. डबा घरात नेऊन त्याने दार लावले. धाकटा आला तेव्हा टाकी कोरडी होती. त्यानेही मग एक डबा आणला. आपले पेट्रोल ओतून तो कामावर गेला, आणि परत आल्यावर त्याने नळी हिसकली आणि राहिलेले काढून घेतले.

मित्रांनो, हेच पुढे रोज चालले. माझ्या टाकीत एकाचे पेट्रोल दुसऱ्यासाठी कधी उरू द्यायचे नाही. जगात मोटारसायकली पुष्कळ आहेत, पण रोज दोनदा रिकाम्या केल्या जाणाऱ्या दुसऱ्या कुणाला मी ओळखत नाही.

रबर किती सोसणार? नळी दर वेळी ओढली जायची आणि दर वेळी घाईने परत खुपसली जायची. तिच्यावरची तारेची क्लिप पहिल्या आठवड्यातच सैल झाली, मग कुठेतरी पडली. नळीचे टोक फाकले, मग चिरले. त्या चिरेतून पेट्रोल पाझरू लागले. फार नाही, एक थेंब धरायचा, फुगायचा, आणि तापलेल्या इंजिनाच्या कडेने खाली जायचा.

याच सुमारास आईने आपली चूल वेगळी केली. झाले असे की एकदा जेवताना तिला थोरल्याच्या पलंगाखाली तो पेट्रोलचा डबा दिसला. त्याच्या झाकणाला कुलूप होते. तिने ताट बाजूला सारले. धाकट्याकडे गेली, तिथेही डबा, तिथेही कुलूप.

"ज्या घरात भावापासून पेट्रोल कुलपात ठेवतात, तिथं मला घास गिळवत नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडेही नाही नि त्यांच्याकडेही नाही."

बोळात माझ्या पुढच्या चाकापाशी तिने एक खोके उपडे घातले आणि त्यावर एका बर्नरची छोटी शेगडी मांडली. आपल्यापुरते रांधायचे, तिथेच बसून खायचे.

थोरली सून म्हणाली, "आई, असं बोळात बसून जेवायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तुझा नवरा जाता-येता मला ओलांडून जाईल, धाकटीचाही जाईल. दोघांच्या पायात येईन मी. तेवढंच माझं काम राहिलंय."

आई हट्टी होती. पण तिचा हट्ट मला आवडायचा. वडील गेल्यापासून माझ्या शेजारी कुणी बसले नव्हते. ती कांदा चिरताना माझ्याशी बोलायची, पोरांच्या कागाळ्या सांगायची. "तुझं बरं आहे," म्हणायची, "तुला दोन चाकं आहेत पण दोन्ही एकाच दिशेला जातात."

पण मित्रांनो, मला त्या दिवसांत शांत वाटायचे नाही. कारण आईला वास येत नसे. जुन्या सर्दीपायी तिचे नाक कधीच गेले होते. दूध करपले तरी डोळ्यांनी बघूनच तिला कळायचे. माझी नळी गळत होती, आणि नळीपासून दोन हातांवर ती रोज काडी ओढत होती. मला दिसत होते. मला बोलता येत नव्हते.

बाकी सगळ्यांना वास येत होता. त्यांनी काय केले ते सांगते.

थोरली सून नाक दाबून म्हणायची, "पेट्रोलचा वास येतोय हो. भाऊजींनी पुन्हा सांडलंय वाटतं."

धाकटी सून दार लावून घेत म्हणायची, "बघा, मुद्दाम सांडून ठेवतात आमच्या दारात."

थोरला दुपारी येई, कॉक उघडाच ठेवी. जेवून लगेच पेट्रोल काढायचेच आहे, बंद कशाला करायचा? जेवून येईपर्यंत माझ्यातून बरेच गळून गेलेले असे. डब्यात कमी भरले की तो कपाळाला आठ्या घालून म्हणे, "मी जेवायला बसलो तेवढ्यात हात मारला लेकाने." धाकट्याचेही तेच. तोही कॉक उघडाच ठेवून हातपाय धुवायला जाई, परत आल्यावर डबा कमी भरे, आणि तो म्हणे, "रद्दीवाला आता पेट्रोलही विकायला लागला काय?"

गळतीला दोघेही चोरी समजत होते. नळी समोर ठिबकत असताना दोघे बघत होते ते एकमेकांच्या दाराकडे.

चीर दिसली नाही असे नाही. दिसली. पण थोरल्याला ती धाकट्याची खोडी वाटली. त्याने फाटलेले टोक कापून टाकले आणि उरलेली नळी ताणून बसवली. ती आता तोकडी झाली, ताणामुळे आणखीच निसटू लागली. धाकट्याला ते थोरल्याचे कारस्थान वाटले. त्याने त्यावर विजेच्या वायरीची चिकटपट्टी गुंडाळली. पेट्रोलने पट्टीचा डिंक विरघळून काळा चिकटा झाला. थोरल्याने चिकट्यावर साबण थापला. असे एकावर एक.

एकदा थोरल्याने मला गॅरेजात नेले. मिस्त्रीने वाकून पाहिले आणि हात कमरेवर ठेवले.

"अहो, ही गाडी आहे की गाय? सकाळ-संध्याकाळ पिळता काय?"

"ते आमच्या धाकट्याला विचारा."

"धाकटे काल येऊन गेले. ते म्हणाले, थोरल्यांना विचारा." मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. "नवी नळी टाकून देतो. पण पुन्हा उपटलीत तर माझ्याकडे आणू नका. मी नळ्या बसवतो, घरं बसवत नाही."

नवी नळी बसली, चकचकीत क्लिपा बसल्या. त्या दिवशी घरी जाताना मला वाटले, आता संपले. बोळात पोचताच थोरल्याने पकड आणली, क्लिप वाकडी केली आणि डबा खाली सरकवला.

आता मी त्या दुपारकडे येते. सांगायला मला जड जाते, पण ती वगळून गोष्ट होत नाही.

थोरला नेहमीपेक्षा लवकर आला. उन्हातून आलेले इंजिन तापले होते. त्याने मला लावले, कॉक उघडा ठेवला आणि जेवायला आत गेला. नवी नळीही तोवर चिरली होती, आणि थोरल्याने तिचेही टोक कापून ती तोकडी केली होती. या वेळी थेंब नव्हता, बारीक धार होती. फरशीला आईच्या खोक्याकडे उतार आहे. पेट्रोल इंजिनाखाली साठले, मग फरशीच्या सांध्यातून हळूहळू तिकडे निघाले.

आईने पातेल्यात पाणी घेतले. काडीपेटी हातात घेतली. थोरली सून दारातून म्हणाली, "आज फारच वास येतोय."

"येत असेल. मला कुठं कळतंय?" आई म्हणाली. "काय सांडलंय बघ जरा."

"मी नाही बघणार. बघितलं की पुसायला लागतं, आणि पुसलं की आम्हीच सांडलं असं होतं."

आणि तिने दार लोटून घेतले.

पहिली काडी मोडली. आईने दुसरी काढली. त्या क्षणी मला वाटले की माझा हॉर्न आपोआप वाजावा, स्टँड निसटून मी आडवी व्हावी, काहीही व्हावे. काही झाले नाही. मी लोखंड आहे.

ज्वाळेचा मोठा आवाज झाला नाही. फडके झटकल्यासारखा झाला. फरशीवरून एक निळी पट्टी माझ्याकडे धावत आली आणि माझ्या इंजिनाखाली पिवळी होऊन उभी राहिली. आईच्या पायाशी दुसरी उभी राहिली. आई ओरडली नाही. तिने एवढेच म्हटले, "अरे!"

धाकटा कामाला निघण्यासाठी दार उघडतच होता. त्याने आईला काखेत धरून मागच्या अंगणात ओढले, तिच्या लुगड्याचा काठ हातांनी चोळून विझवला. थोरला जेवत्या हाताने बाहेर आला. नळी जळत होती, आणि वरचा कॉक उघडा होता. टाकीत पेट्रोल होते तोवर आग थांबणार नव्हती. त्याने हात आत घातला. कॉक तापला होता. तो पहिल्यांदा फिरला नाही, थोरल्याने हात काढला नाही, दुसऱ्यांदा फिरवला. धाकट्याने भिजवलेली गोणपाटे आणून फरशीवर आपटली.

आग विझली. धुरात दोघे खोकत उभे होते. माझी नळी वितळून लोंबत होती आणि टाकीचा एक गाल काळा झाला होता. थोरल्याच्या तळहाताचे कातडे सुटले होते. आईच्या टाचेला फोड आला होता.

मला वाटले, आता तरी. पण धूर खाली बसायच्या आधीच थोरला म्हणाला, "नळी सैल कुणी ठेवली होती?"

"कॉक उघडा कुणी ठेवला होता?"

"तू रोज ठेवतोस!"

"आणि तू? आज कुणाची पाळी होती? सांग ना, कुणाची पाळी होती?"

ते थेट एकमेकांशी बोलत होते. इतक्या काळानंतर पहिल्यांदा. आणि बोलत होते ते हे.

आई अंगणातल्या पायरीवर बसून होती. ती म्हणाली, "नळी ज्यांनी उपटली, त्यांनी बसवायची. माझ्यासमोर. मिस्त्री नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे माझ्यापाशी बसले. आईने पाट घेतला आणि समोर बसली. थोरल्याचा हात पट्टीत बांधलेला होता, त्यामुळे हात धाकट्याचे आणि तोंड थोरल्याचे. दोघांनाही ते सोसवत नव्हते.

"आधी टाकीतलं सगळं काढ. बाहेर, अंगणात."

"कळतं मला."

"कळत असतं तर बोळ जळला नसता."

"माझ्या पाळीत जळला नाही."

"पुढचं बोला," आई म्हणाली.

धाकट्याने वितळलेली नळी खरवडून काढली. कॉकच्या आणि इंजिनाच्या तोंडाशी चिकटलेले रबर फडक्याने, मग नखाने साफ केले. कॉकच्या आतली झिजलेली चकती बदलली. मग दुकानातून आणलेली नवी नळी घेतली आणि जुन्या तुकड्याशी लावून मापू लागला.

"त्या मापाने कापू नकोस. ती आधीच तोकडी केलेली आहे."

"कुणी केली?"

"मी केली. काप आता. बोटभर जास्त ठेव."

"जास्त ठेवली तर सिलिंडरला टेकेल."

"टेकणार नाही. बाहेरून वळण दे. बाहेरून! बाहेरचं कुठलं तेही सांगू का?"

"सांग. तुला सांगायची हौसच आहे. हात धड असता तर मारलंही असतंस."

"दुसरा हात आहे अजून."

धाकट्याने नळीचे टोक गरम पाण्यात बुडवून मऊ केले आणि अलगद गोल फिरवत तोंडावर चढवले. क्लिप बसवली. दुसऱ्या टोकालाही तसेच. थोरल्याने वाकून पाहिले. चूक सापडली नाही, म्हणून तो चिडल्यासारखा दिसला.

"क्लिप अजून एक बोट मागे."

धाकट्याने ती मागे घेतली. ते बरोबर होते, म्हणून तोही चिडला.

थोडे पेट्रोल ओतले. कॉक उघडला. धाकटा म्हणाला, "खाली कोरडा कागद ठेवायला हवा. थेंब पडला तर दिसेल. रद्दी आहे का?" आणि लगेच, "असणारच म्हणा."

थोरल्याने आतून कागद आणला आणि माझ्याखाली सरकवला.

मग दोघे बसून राहिले. कुणी उठेना. एक उठला असता तर दुसऱ्याने काहीतरी केले असते, असे दोघांनाही वाटत होते. ऊन बोळाच्या उंबऱ्यावरून आत आले आणि पुन्हा बाहेर गेले. सुना दारातून डोकावून गेल्या. कागद कोरडा होता. धाकट्याने किक मारली. मी पहिल्याच किकेला सुरू झाले. इंजिन तापू दिले, नळी हलवून पाहिली, बंद केले, पुन्हा वाट पाहिली. कागद कोरडाच होता. मला आतून इतके बरे कितीतरी दिवसांत वाटले नव्हते.

"झालं," धाकटा म्हणाला.

"गळत नाही," थोरला म्हणाला.

आई पाटावरून उठली नाही. तिने आधी थोरल्याकडे पाहिले. "पुन्हा कुणी काढणार नाही ना ही?"

"मी नाही काढणार," थोरला म्हणाला. "त्याचं मी सांगू शकत नाही."

आईने धाकट्याकडे पाहिले.

"माझ्याकडून मी सांगतो, नाही काढणार. त्याचं कोण सांगणार?"

आई थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. बहुधा नळीकडे. मग भिंतीला धरून उठली, टाच न टेकवता आत गेली, आणि चार कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आली. शेगडी तिने उचलली नाही. मुलीकडे निघाले, म्हणाली. मुलीचे घर याच गावात, नदीपलीकडे होते.

"मी सोडतो," दोघे एकदमच म्हणाले.

"नको," आई म्हणाली. "कुणाच्या पाळीत जाऊ मी? रिक्षा मिळते मला."

ती गेली तेव्हा दोघे बोळाच्या दोन बाजूंना उभे होते. त्यांच्या मधे मी होते.

मित्रांनो, तेव्हापासून माझी नळी कुणी काढलेली नाही. डबे अंगणात पालथे पडले आहेत, कुलुपे कुठे गेली माहीत नाही. टाकीत एकाचे उरलेले पेट्रोल दुसरा वापरतो आणि काही बोलत नाही. चांगलेही बोलत नाही. गेल्या महिन्यात त्यांची बहीण आईचे राहिलेले कपडे न्यायला आली होती. थोरला तिला म्हणाला, "आईला सांग, नळी एकदम चांगली आहे, थेंब गळत नाही." बोळाच्या दुसऱ्या बाजूने धाकटाही म्हणाला, "सांग तिला, मी रोज बघतो." काही दिवसांनी बहीण पुन्हा आली, तेव्हा दोघेही दारात उभे राहिले. आईने निरोप दिला होता. तो बहिणीने दोघांना एकदमच सांगितला.

"आई म्हणाली, नळीचं मी विचारलंच नव्हतं, तुमचं विचारलं होतं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग थोरला आत गेला. धाकटाही गेला.

ही अशी माझी गोष्ट. तिच्यातून काय शिकायचे ते मला नीट मांडता येणार नाही. मी पुस्तके वाहिली, लिहिली नाहीत. पण एवढी विनंती करते. तुमच्या घरात कधी वास आला, काही कमी झालेले दिसले, काही तुटलेले सापडले, तर तुमच्या मनात कुणाचे तरी नाव येईल. ते येतेच. त्या वेळी भिंतीशी बोलू नका. ज्याचे नाव मनात आले असेल त्याच्याच दाराशी जा, त्याला हाताला धरून बाहेर आणा, आणि दोघे मिळून खाली वाकून बघा. कदाचित नुसती एक नळी असेल. आणि नसली, तरी निदान तिथे बसलेले माणूस तुमच्या दोघांच्याही डोळ्यांसमोर असेल.

मी आता बरी आहे. थेंबही गळत नाही. थोरल्याने माझ्या पुढच्या चाकापाशी शेगडी तशीच ठेवली आहे, आणि ती तिथून हलवायला धाकट्यानेही कधी सांगितलेले नाही. तिच्यावर धूळ बसते. माझ्या शेजारी जागा पुष्कळ आहे.